परवान्यावर नसलेलं नाव

दादा,

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही मागं सरतो न सरतो तोच आला, घास उचलला आणि गेला. घाटावरची मंडळी खूश झाली. "पुण्यवान माणूस. जीव कुठंच अडकला न्हाई," म्हणाली. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. आणि मला, खरं सांगते, तुझा राग आला. माझी वेगळीच तयारी होती रे. मला वाटलं होतं, कावळा अडून बसेल. मग एकेकजण पुढं होईल, कुणी म्हणेल लेकीकडं लक्ष देतो, कुणी म्हणेल वहिनींना अंतर देत नाही, आणि सगळ्यांचं झालं की मी पुढं होईन आणि आपलं भांडण कृष्णेच्या काठावर सगळ्यांदेखत मिटवून टाकीन. तू ती वेळच येऊ दिली नाहीस. जिवंतपणी "बघू की" म्हणत जे ढकलत राहिलास, ते मेल्यावरही ढकललंस.

म्हणून आता घरी बसून लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे. तसंही मी लिहिलेलं तू कधी वाचत नव्हतास, मी बोट ठेवीन तिथं सही करायचास.

आपल्या भागातला पोरगा एक तर उसात जातो नाही तर फौजेत. आपले आबा दोन्हीकडं जाऊन आले आणि तिसरंच काढून बसले. फौजेत जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या, पेन्शनीत आले आणि कुंडलच्या रस्त्याला, घराच्या समोर, रस्ता ओलांडला की पत्र्याची शेड टाकून बंदुका बनवायला लागले. सरकारचा परवाना काढून, बारा बोअरच्या, एकनळी आणि दुनळी. त्यांच्यामागं परवाना तुझ्या नावावर झाला. मी तेव्हा रहिमतपूरला नांदत होते. तिथं माझं जमलं नाही. पिशवी घेऊन परत आले तेव्हा आई रडली, शेजारच्या बायका बघून गेल्या, आणि तू एका शब्दानं विचारलं नाहीस की का आलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडची किल्ली माझ्या हातात ठेवलीस. "सुमे, तुजं अक्षर चांगलं हाय. ही कागदं बघ जरा. मला त्यातलं काय बी उमगंना." बस्स, एवढंच. माहेरी परत आलेल्या बाईला लोक दया देतात, सल्ले देतात, तू काम दिलंस. त्या किल्लीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आता दाखवते.

पण ती कागदं! बाहेरच्या माणसाला वाटतं, बंदूक बनवायची म्हणजे लोखंड, लाकूड आणि लेथ. आपल्याकडं लोखंडाआधी कागद लागायचा. वर्षाला किती बंदुका बनवायच्या ते सरकार ठरवणार. त्यातली एकेक नळी परीक्षेला पार बंगालमध्ये जाणार. तिथं नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून बघणार, टिकली तर शिक्का मारणार आणि मग ती परत येणार, कधी येणार ते मात्र कुणी सांगणार नाही. नळ्या गेल्या की शेडमध्ये सामसूम. तू रस्त्याकडं डोळे लावून बसायचास आणि कुणी विचारलं की म्हणायचास, "पोरी बारावीला बसल्यात. निकाल लागंस्तवर कशात जीव लागायचा न्हाई." एकदा पेटीतल्या बऱ्याच नापास होऊन आल्या, तर तू सुतक पाळल्यासारखा दाढी न करता हिंडलास.

त्या पाठवणं म्हणजे तरी काय सोपं होतं? त्याचा परवाना निराळा. ट्रान्सपोर्टवाला पेटीवरचं वाचायचा आणि दोन्ही हात वर करायचा, जशी काय पेटीच त्याच्यावर रोखलीय. कोठाराला दोन कुलपं, दोन किल्ल्या दोन माणसांकडं. कोठारावर कॅमेरा पाहिजे. आपल्याकडची वीज तुला माहीत आहे. वीज गेली की कॅमेरा बंद, कॅमेरा बंद की खुलासा. मी इतके खुलासे लिहिले की वीज मंडळाच्या लोकांनीही लिहिले नसतील. निवडणूक लागली की गावोगावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होणार, दुकानदार म्हणणार आता कशाला माल पाठवता. आणि घेणारा तरी कोण राहिला होता? बँकेच्या दारात उभा राहणारा निवृत्त फौजी, नाही तर रानडुकरांनी ज्याचा ऊस लोळवलाय तो शेतकरी. त्यांना आधी त्यांचा परवाना मिळायला हवा. तो मिळेपर्यंत फौजी म्हातारा होतो आणि ऊस कारखान्याला जातो. मोठमोठ्या कंपन्या आता ह्या धंद्यात उतरल्या आहेत, त्यांच्याकडं कागदं बघायला मजलेच्या मजले माणसं असतील. आपल्याकडं मी होते.

आणि तरी हे नियम वाईट आहेत असं तू कधी म्हणाला नाहीस. मी चिडायची, तू नाही. ह्याचं कारण मला माहीत होतं. पेपरात कुठंही बंदुकीची बातमी आली, बांधावरनं भांडण झालं, भावानं भावावर बंदूक चालवली, की तुझा चहा तसाच राहायचा. "आपली न्हाई न्हवं?" एवढंच विचारायचास. कडेगावकडं एकदा असं झालं, तेव्हा तू सकाळपासून फोनपाशी बसून होतास. दुपारी कळलं की हत्यार गावठी होतं, कुठल्या तरी चोरट्या भट्टीतलं. शंकर सुतार, तोच तुझा बंदुकीचे लाकडी दस्ते घडवणारा, "सुटलो" म्हणाला. तू म्हणालास, "आपुन सुटलो रं. त्यो मेलेला कुठं सुटला?" आणि त्या दिवशी तू लेथला हात लावला नाहीस. बंदूक बनवणारा माणूस इतका भित्रा असतो हे लोकांना सांगून पटायचं नाही.

आता मूळ भांडणाकडं येते. तू विषय बदलशील म्हणून लवकर येते.

आपल्या शेडमध्ये खंडेनवमीला लेथची पूजा व्हायची, हत्यारांची व्हायची, आणि त्या वर्षीची पहिली पास झालेली दुनळी मात्र रस्ता ओलांडून घरी यायची, देवापुढं. आबांनी सुरू केलेली चाल. परवाना होता शेडचा. घराचा नव्हता. कायद्याच्या लेखी शेडच्या दाराबाहेर नेलेली बंदूक आपल्या देवघरात नेली काय आणि कुठं बाजारात नेली काय, सारखीच. मी दरवर्षी सांगायची. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "शेडात देव न्हाई बाई, देव घरात हाय. आता देवानं का रस्ता वलांडून यायचं?" तू दुनळी स्वच्छ धोतरात गुंडाळायचास आणि नवरी आणावी तशी मिरवत आणायचास.

एका वर्षी निवडणुका तोंडावर होत्या. साठा मोजायला पोलीस साहेब नेमके खंडेनवमीला आले. नवीनच बदलून आले होते, साताऱ्याकडचे. शेडमध्ये मोजलं, एक कमी. परत मोजलं, एक कमी. त्यांचा चेहरा बदलला. तू शांतपणे म्हणालास, "हाय की साहेब, घरात हाय. चला." आणि त्यांना सरळ देवघरात घेऊन आलास. पाटावर दुनळी, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं नैवेद्याचं ताट. साहेब दारात थांबले. टोपी काढली, बूट काढले. म्हणाले, "आधी पाया पडतो. मग पंचनामा करतो." आणि दोन्ही केलं, त्याच क्रमानं. आईनं त्यांना प्रसाद दिला, तोही घेतला. ह्या गोष्टीवर आपण नंतर इतके हसलो, की तिचा दुसरा अर्धा भाग सगळे विसरले. मी सोडून.

साहेबांनी विचारलं, "ही इथं कुणी आणली?" आई पुढं झाली, "म्या सांगितलं..." तू तिला हातानं मागं सारलंस. "मी आणली साहेब. एकट्यानं." मग त्यांनी विचारलं, साठा कोण बघतं? मी म्हणाले, "मी बघते साहेब." खोटं काय होतं त्यात? कोठाराची दुसरी किल्ली माझ्या कमरेला होती. आणि तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "तिचा काय संबंध न्हाई. बहीण हाय माजी. सणाला आलीया."

सणाला आलीया! दादा, माझं आख्खं आयुष्य त्या शेडमध्ये चाललं होतं, आणि तू मला एका वाक्यात पाहुणी करून टाकलंस. रहिमतपूरच्या घरानं मला बाहेर काढलं तेव्हा इतकं लागलं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं, तुला जीपमध्ये बसवलं, आणि मी दारात उभी राहिले, सणाला आलेल्या बहिणीसारखी.

संध्याकाळी तू सुटून आलास. परवाना मात्र काही महिने निलंबित झाला. शेडला सील लागलं. शंकर सुतार लोकांची दारं-खिडक्या करायला गेला, लेथवाले पलूसला कुणाकुणाकडं लागले. त्या महिन्यांत मी खुलाशांवर खुलासे लिहिले, सांगलीच्या कचेरीत बाकावर बसून पाठ आंबली, आणि प्रत्येक खेपेला तिथला माणूस विचारायचा, परवानाधारक कुठं आहेत, तुम्ही कोण? शेवटी समज देऊन परवाना परत मिळाला. माणसं परत आली. त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा म्हणाले, परवान्यावर माझं नाव घाल. भागीदार म्हण, व्यवस्थापक म्हण, काय म्हणायचं ते म्हण, पण नाव घाल.

"बघू की," म्हणालास.

बंदुका वाजवून वाजवून तुझा डावा कान गेला होता. मी हा विषय काढला की तू तो कान बरोबर माझ्याकडं करायचास. मी उठून दुसऱ्या बाजूला येऊन बसले, की तुला लेथवर काही तरी आठवायचं. सांगलीहून परत येताना गाडीत पळायला जागा नसायची, म्हणून मी तिथं गाठायची, तर तू पिशवीतनं भडंगाचा पुडा काढायचास. "खा, ताजं हाय." तोंड भरलेलं असलं की माणूस भांडत नाही, हे तुझं जुनं शास्त्र. माझ्यावर ते बऱ्याचदा चाललंही.

एकदाच चाललं नाही. गेल्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरताना मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आता नाव घालणार असशील तरच पुढचं लिहीन. तू पहिल्यांदाच उजवा कान माझ्याकडं केलास. मग म्हणालास, "सुमे, परवान्यावर ज्याचं नाव, त्याची मान. एक नळी इकडची तिकडं झाली तर पोलीस नावाला धरत्यात, कामाला न्हाई." मी म्हणाले, "मग धरू दे की मला. काम माझं आणि मान तुझी, हा कुठला न्याय?" तू म्हणालास, "बाईमाणसानं ठाण्यात बसायचं?" मी म्हणाले, "बाईमाणसानं कचेरीच्या बाकावर बसलेलं चालतं तुला!" त्यावर तू हसलास. मीही हसले, राग असताना. अर्ज मी पूर्ण केला. नाव एकट्या तुझंच. मनात म्हटलं, पुढच्या खेपेला सोडत नाही ह्याला. पुढची खेप असणार हे आपण धरूनच चालतो नाही का?

तुझं जाणं मी लिहीत बसत नाही. लेथपाशी उभा होतास, छातीवर हात गेला, शंकर पाणी आणायला धावला. तो पाणी घेऊन आला तेव्हा पाण्याचं काम उरलं नव्हतं. शंकर अजून कुणाला पाणी देताना गप्प होतो.

दहावं-बारावं झालं आणि मी सांगलीला गेले. कचेरीत आता सगळं नवं माणूस आहे. टेबलावरचा तरुण मुलगा चांगला होता, उठून खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, परवानाधारक वारले की परवाना आपोआप पुढं चालत नाही. वारसानं मुदतीत नवीन अर्ज करायचा. तोवर साठा पोलिसांच्या ताब्यात आणि कारखान्याला सील. मुदत गेली तर विषय संपला, आजकाल नवीन सहसा कुणाला मिळत नाही." मी म्हणाले, अर्ज मी करते. त्यानं विचारलं, "तुम्ही मयताच्या कोण?" बहीण. "मग पत्नी, मुलगी आहेत ना? त्यांनी करावा, नाही तर त्यांची संमती लागेल. ताई, गैरसमज करून घेऊ नका, पण तुमचा काय संबंध?" मला एकदम हसू आलं. तो बिचारा घाबरला. त्याला कसं सांगू की हा प्रश्न नाही, हे माझ्या भावानं आधीच देऊन ठेवलेलं उत्तर आहे, आणि पोलिसांच्या कागदावर ते लिहिलेलं आहे.

येताना एस्टीत मी तुझ्याशी इतकी भांडले की शेजारची बाई सरकून बसली.

घरी दोन मतं. तुझी नीता पुण्याहून फोनवर म्हणाली, "आत्या, पुरे आता. पप्पांनी आयुष्यभर टेन्शनशिवाय काही कमावलं नाही. बंद करा आणि सुखानं राहा." ती काही चूक बोलत नाही. तिनं लहानपणी तुझा न प्यायलेला चहा बघितलाय. दुसऱ्या दिवशी शंकर आला. ओट्यावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. "आक्का, मी दाराची चौकट करीन, खाट करीन, उपाशी न्हाई मरायचा. पर दादांनी मला दस्ता करायला शिकवलं. त्ये शिकल्यालं हात आता कुठं नेऊ? दुसरा कोण मला आक्रोडाच्या लाकडाला हात लावू दील?" तो गेल्यावर लक्षात आलं, की हाच प्रश्न माझाही आहे. मीही बंदुकीच्या कागदांशिवाय दुसरं काही शिकलेली नाही. शेड बंद झाली तर मी खरोखरच सणाला आलेली बहीण होणार. फरक इतकाच, की तो सण कधी संपायचा नाही.

राहिल्या वहिनी. त्यांना कारखाना कधी आवडला नाही हे सगळ्यांना ठाऊक. इतक्या वर्षांत त्या रस्ता ओलांडून शेडमध्ये किती वेळा आल्या असतील? मला वाटलं, त्या संमती द्यायच्या नाहीत, आणि मागायची कशी, हेही मला समजेना. काल सील करायला पोलीस आले, तोवर मी विचारलेलं नव्हतं.

सगळी नीट वागली बरं का. आताच्या साहेबांनी आधी तुझ्या फोटोला हार घातला. मग मोजणी. तयार दुनळ्या, बिनदस्त्याच्या नळ्या, परीक्षेला जायची पेटी, सगळं जुळलं. जुळणारच होतं. पेटी जीपमध्ये चढताना शंकर बाहेर जाऊन उभा राहिला. मग साहेब म्हणाले, सील केल्यानंतर वास्तूची आणि यंत्रांची जबाबदारी कुणाकडं तरी द्यावी लागेल, आणि तेच नाव पुढं अर्जाला लागलं तर बरं. पत्नीचं घालू?

वहिनी रस्ता ओलांडून आल्या होत्या. दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "माजं नगं साहेब. आमच्या ह्यांनी मला बजावून ठेवलंय."

मी वळून बघितलं. त्या साहेबांशी नाही, माझ्याशी बोलायला लागल्या. "वन्सं, त्यो पंचनामा झाला तवा मी बी त्यांच्याशी भांडले हुते. म्हनलं, वन्सं रातदिस राबत्यात आणि तुमी पोलिसांम्होरं त्यांस्नी पावनी केलं. तर म्हनले, परवान्यावर एकाचंच नाव पायजे. उद्या काय झालं तर मला एकट्याला न्हेतील. तू न्हाई आणि सुमी न्हाई. तुमी दोगी घरात असला म्हंजी मी तितं बसून काढीन."

"मी म्हनलं, वन्सं कुठं घरात असत्यात? त्या तर शेडातच असत्यात. तर म्हनले, व्हय. ती हाय म्हणून तर मला झोप लागती."

मी विचारलं, "वहिनी, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"आवं, मला वाटलं त्यांनी तुमाला सांगितलं आसंल की." त्यांना खरंच तसं वाटलं होतं. त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं.

दादा, तिथं पोलिसांदेखत मी रडले. तुझ्या मातीलाही इतकी रडले नव्हते. आणि रडता रडता मला तुझा रागही तेवढाच येत होता, हे लपवत नाही. झोप लागती म्हणे! हे एकदा माझ्या तोंडावर बोलला असतास तर काय तुझी जीभ झडली असती? मला वाचवायचं होतं, मान्य. पण मला वाचवायला तू मला पुसून टाकलंस. माझ्यावर तुझी माया होती, हे मला आधीही माहीत होतं. माझ्या कामावर तुझा भरवसा होता, हे मला काल कळलं, आणि मला हवं होतं ते तेच होतं. मायेवर माझं भागत होतं. भरवशाची मी भुकेली होते.

वहिनींनी पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलीचं पुसावं तसं. म्हणाल्या, "मला ह्यो कारखाना कवाच आवडला न्हाई, वन्सं. पर रोज सकाळी खिडकीतनं त्याचा आवाज यायचा. आता यीना झालाय, तर घर खायाला उठतंय. संमती का काय म्हनत्यात ती मी दिती. नीताचं मी बघती. तुमाला करायचं आसंल तर करा. माज्यासाठी म्हणून करू नगा."

साहेब इतका वेळ जमिनीकडं बघत उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "मग जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं नाव घालू?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडिलांच्या नावासकट. कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं स्वतःलाच जरा परकं वाटलं.

त्यांनी पेन थांबवलं. भला माणूस. म्हणाले, "ताई, विचार केलाय ना? उद्या इथलं काही कमीजास्त झालं, तर मी तुमच्या दारात येणार. भावाचं दुःख ताजं आहे, आठवडाभर थांबला तरी चालेल."

"लिहा," मी म्हणाले.

मी सही केली. बोट ठेवून जागा दाखवणारं कुणी नव्हतं. परवाना मिळेल की नाही, देवाला ठाऊक आणि कचेरीला ठाऊक. कदाचित वर्ष जाईल, कदाचित मिळणारही नाही, आणि ती शेड अशीच सीलबंद राहील. पण आता ह्या शेडचं काही चुकलं तर जीप माझ्यासाठी थांबेल, मला विचारतील, मला नेतील. आणि मधे पडून "तिचा काय संबंध न्हाई" म्हणायला तू नाहीस. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते, दादा. पण असं नव्हतं रे मागितलं.

तुझी,
सुमी